अर्धवट हजामत

चर्चची तुकडी परदेशी सेवेला निघाली, तेव्हा मावशीचं मत ठाम होतं: ही सेवा नव्हे, सहल आहे; तिला नुसतं देवाचं नाव दिलंय. मग ती गेली कशाला? धाकट्या बहिणीनं गळ घातली म्हणून. धाकटीचा नवरा तुकडीचा प्रमुख. त्याला सगळे कॅप्टन म्हणत, आणि त्यालाही ते पटलं होतं. "ताई, सोबत एक नर्स असली की बरं दिसतं," तो म्हणाला होता. बरं दिसणं हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय.

मावशीची हयात सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात गेली होती. तिच्या चपलांचा आवाज आला की शिकाऊ पोरी आपसूक गप्प व्हायच्या. आता निवृत्त झाली तरी नजर तीच होती: चादरीची घडी, नखातला मळ, माणसातला पोकळपणा, काही सुटायचं नाही.

ते उतरले होते एका वृद्धाश्रमात. आश्रम चालवणाऱ्या मदर स्वतः सत्तरीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि तेही तोलूनमापून. तुकडीनं पहिल्याच दिवशी म्हाताऱ्यांना मिठ्या मारल्या, मिठ्यांचे फोटो काढले आणि जेवायला बसली. भांडी मात्र आश्रमाच्या बायकांनीच घासली. धाकटी म्हणाली, "किती प्रेमळ लोक आहेत गं इथले!" मावशी म्हणाली, "हो, आपल्याला सहन करतायत म्हणजे असणारच."

खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारा होता, पूर्वी बस चालवायचा. गुडघे गेलेले, दाढी छातीपर्यंत वाढलेली. कॅप्टनचं मन त्याच्यावर बसलं. रोज गिटार घेऊन सगळे त्याच्या खाटेभोवती हात धरून उभे राहत आणि येशूनं पांगळ्याला म्हटलेल्या 'ऊठ आणि चाल' या वचनावर गाणं म्हणत. म्हातारा चादर डोक्यावरून ओढून घेई.

"त्याला आत्मिक ओझं आहे," कॅप्टन हळूच म्हणाला.

"त्याला तुमचं ओझं झालंय," मावशी म्हणाली. "बाकी काही नाही."

त्याच संध्याकाळी म्हाताऱ्यानं तिला खुणेनं जवळ बोलावलं. स्वतःची दाढी मुठीत धरली, नाक मुरडलं आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे न्हाव्याचं दुकान होतं. मावशीला हसू फुटलं. इतके जण त्याच्या आत्म्याच्या मागे लागले होते आणि गड्याला हजामत हवी होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडी हॉलमध्ये भक्तीला बसली. मावशीनं व्हीलचेअर आणली, म्हाताऱ्याला उचलून बसवलं आणि मागच्या दारानं बाहेर काढलं. कुणाला विचारलं नाही. विचारायचं कुणाला, त्या गाणाऱ्यांना? रस्ता ओलांडताना म्हाताऱ्यानं वळणाचा इशारा द्यावा तसा हात बाहेर काढला आणि येणारी गाडी खरंच थांबली. त्या ऐटीवर मावशी बेहद्द खूश झाली. मनात म्हणाली, याला म्हणतात सेवा.

न्हाव्यानं एक गाल साफ केला आणि म्हातारा थरथरायला लागला. कपाळावर घाम फुटला, मान कलली. न्हावी वस्तरा हातात धरून मागे सरला. मावशीनं म्हाताऱ्याची बाही वर सारली. दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. सकाळचं इन्सुलिन टोचून झालं होतं, नाश्ता यायचा होता आणि त्याच्या आत तिनं त्याला उचलून आणलं होतं.

"साखर! साखर!" ती मराठीतच ओरडली. न्हाव्याला शब्द कळला नाही, पण घाबरा आवाज कळला. त्यानं आपला चहाचा पेला पुढे केला. तळाशी साखर साचलेली होती. तिनं ती ढवळून चहा घोट घोट पाजला. म्हाताऱ्यानं डोळे उघडेपर्यंत तिनं पेला खाली ठेवला नाही.

आश्रमाच्या फाटकात मदर उभ्या होत्या. त्यांनी आधी म्हाताऱ्याची नाडी पाहिली, त्याला आत पाठवलं, मग मावशीकडे वळल्या.

"तुम्ही नर्स?"

"हो."

"तुमच्या वॉर्डातून कुणी पेशंट असा पळवला असता तर?"

अशा शिकाऊ पोरीला मावशीनं उभं सोललं असतं.

"तुमचा तो माणूस निदान गाणी म्हणतो," मदर म्हणाल्या. "गाण्यानं कुणाची साखर उतरत नाही."

तेवढ्यात आतून जल्लोष ऐकू आला. कॅप्टनला रिकामी खाट दिसली होती आणि मागोमाग अर्ध्या दाढीचा म्हातारा खुर्चीत ताठ बसून आला होता. कॅप्टनचे डोळे पाण्यानं भरले होते, हातात फोन सुरू होता. "उठला! आपल्या प्रार्थनेनं उठला!" मावशीला त्याची किळस आली आणि पाठोपाठ स्वतःचीही. दोघांनीही म्हाताऱ्याला आपापल्या बढाईसाठी वापरलं होतं. फरक इतकाच, की कॅप्टनला इंजेक्शन कळत नव्हतं.

उरलेले दिवस मदरनी तिला धुलाईच्या खोलीत टाकलं. ती मुकाट्यानं चादरी पिळत राहिली. उरलेली दाढी करायला मदरनी न्हाव्यालाच आश्रमात बोलावलं, नाश्त्यानंतर.

परतल्यावर चर्चमध्ये साक्ष देण्याची सभा भरली. प्रत्येक जण उठून 'द्यायला गेलो आणि घेऊन आलो' असं सांगत होता. कॅप्टननं पडद्यावर म्हाताऱ्याचा फोटो दाखवला आणि चमत्कार सांगितला. टाळ्या विरायच्या आत मावशी उभी राहिली.

"तो उठला नाही. मी त्याला उचलून न्हाव्याकडे नेलं, न विचारता. उपाशीपोटी. मरता मरता वाचला. मी शिकले ते एवढंच."

कुणीतरी घाईघाईनं पेटी वाजवायला घेतली.

बाहेर पायऱ्यांवर कॅप्टननं तिला गाठलं. त्याचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. "ताई, हे मला तिथंच का नाही सांगितलंत? मी त्याच्यासाठी प्रार्थना केली असती."

"माहीत होतं," मावशी म्हणाली. "म्हणूनच नाही सांगितलं."

धाकटी तिच्याशी महिनाभर बोलली नाही.