गुरुवारच्या तेलाचा वास

२०२१ सालच्या मार्चमधला एक गुरुवार. जिपारानं लॅपटॉप उचलून खिडकीच्या फळीवर ठेवला, आपला फोन त्याला अगदी चिकटवून उभा केला आणि पुन्हा एकदा जोडणीचं बटण दाबलं. पडद्यावर छोटं वर्तुळ फिरत राहिलं आणि मग विझलं. फोन सापडला नाही, असं खाली आलं.

"एवढं जवळ कशाला ठेवतेस?" चुलीपाशी कणीक मळत बसलेली सासू, साइराकान, म्हणाली. "त्यांचं लग्न लावायचंय का?"

"लग्नच लागत नाहीये, आपा."

साइराकान हसली नाही. तिनं ओल्या फडक्यानं कणीक झाकली आणि कढईत तेल ओतायला घेतलं. घरात अजून सासऱ्यांचं सुतक होतं. तिच्या डोक्याला काळा रुमाल होता, जिपाराच्या डोक्यालाही. वर्षाचं जेवण होईपर्यंत तो उतरायचा नव्हता.

दुपारी बारा वाजता जिल्ह्याच्या शिक्षण खात्यातली माणसं जिपाराची मुलाखत घेणार होती. गावच्या शाळेत दुसरीच्या वर्गाची जागा रिकामी झाली होती. मुलाखत संगणकावरूनच द्यायची होती, फोनवर ते पान उघडत नव्हतं. जिल्ह्याच्या गावाला, नारिनला, जाणारा रस्ता बर्फानं बंद होता आणि गावात दुसरा चालता संगणक नव्हता. ही जागा मिळाली नाही, तर मे महिन्यात तिला मॉस्कोला जायचं होतं. नवरा मेदेर तिथंच होता आणि त्यानं एका गोदामात माल बांधण्याचं काम तिच्यासाठी बोलूनही ठेवलं होतं. आठ वर्षांची आयपेरी मग आजीजवळ राहणार होती. गावातल्या निम्म्या घरांतून मुलं आजीजवळच वाढत होती. सणासुदीला ती फोनच्या पडद्याला ओठ लावत, आणि आई म्हणजे तो पडदाच, असं धाकट्यांना वाटे. आदल्या रात्री आयपेरीनं विचारलं होतं, "मॉस्कोत तुझा वास येईल का?" जिपारानं तिची वेणी उगाचच सोडून पुन्हा घातली होती.

दाराबाहेर बूट आपटल्याचा आवाज आला. धाकटा दीर कुबात आत आला. गावाच्या खालच्या टोकाला राहायचा, नारिनपर्यंत गाडी चालवायचा. त्याआधी बरीच वर्षं मॉस्कोच्या बाजारात फोन दुरुस्त केले होते त्यानं.

"काय म्हणतोय रोगी?" त्यानं विचारलं.

"कुरळे भावोजी, बघा ना. माझा फोन त्याला दिसतच नाही."

कुबातच्या डोक्यावर आता मोजके केस उरले होते, तरी जिपारा त्याला 'कुरळे भावोजी'च म्हणे. सून झाली की सासरच्या पुरुषांची नावं तोंडातून जातात. दिराला टोपणनाव द्यायचं, आणि सासऱ्यांना 'घरचे मोठे'. सासऱ्यांचं नाव होतं तोक्तोसुन. 'थांब' या अर्थाच्या आमच्या शब्दात त्या नावाचा आवाज येतो, म्हणून जिपारानं लग्नानंतर तो शब्दही टाकला होता. घोड्याला, मुलीला, गाडीवाल्याला ती 'उभा राहा' म्हणायची. पूर्वी सगळ्याच सुना असं करत. हल्लीच्या पोरी हसतात. जिपारा मात्र जुन्या वळणाची निघाली, आणि साइराकानला त्याचा मनातून अभिमान होता.

कुबातनं हॉटस्पॉट बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. मग फोनच्या आत कुठंतरी बोट घालून एक खूण बदलली.

"तुमचा फोन नवा आहे, वहिनी. उंच पट्टीत गातो. या म्हाताऱ्याला तेवढं उंच ऐकू येत नाही. खालच्या पट्टीत आणलाय. आता बघा."

यादीत जिपाराचा फोन दिसला. तिचा चेहरा उजळला. पण बटण दाबल्यावर वर्तुळ फिरलं आणि विझलं, जोडलं काही गेलं नाही.

कुबात खाली मान घालून बराच वेळ काहीबाही उघडत बसला. तेल तापायला लागलं होतं. साइराकाननं लाटलेल्या कणकेचे छोटे चौकोन कापले.

"कुलूप आहे याला," शेवटी तो म्हणाला. "शाळेनं पोरांना दिलेला ना हा? शाळेच्या संगणकवाल्यानं प्रत्येक घरासाठी एकच नेटवर्क नोंदवून ठेवलंय. दुसरं कुठलंही तो घेणार नाही. अनोळखी माणसाला दार उघडत नाही म्हणा."

"मग ओळखीचा कोण?"

कुबातनं लॅपटॉप उचलून पडदा तिच्याकडे वळवला. तिथं एकच नाव लिहिलं होतं.

जिपारानं ते वाचलं आणि नजर काढून घेतली.

गेल्या वर्षी शाळा बंद पडली आणि लॅपटॉप आला, तेव्हा घरात धड चालणारा फोन एकच होता, म्हाताऱ्याचा. शरद ऋतूभर आयपेरी त्यावरच शिकली. तोक्तोसुन फोन छातीशी धरून तिच्या शेजारी बसे, हलत नसे, हललो तर पोरीचा धडा सांडेल असं म्हणे. मग नोव्हेंबरात तो वरच्या कुरणातून घोड्या खाली आणायला गेला आणि वादळात सापडला. काश्का घोडा रिकाम्या खोगिरानं घरी आला. वादळ ओसरल्यावर खिंडीखाली म्हातारा सापडला, बसलेला, जणू दम खायला टेकला असावा. फोन मात्र कोटात नव्हता.

"सोपं आहे," कुबात घसा साफ करत म्हणाला. "तुमच्या फोनला तेच नाव देऊ, तोच पासवर्ड. याला काय कळतंय फोन कुणाचा ते! फसेल."

"त्यांचं नाव माझ्या फोनला?"

"मी लिहितो. मी मुलगा आहे, मला चालतं."

जिपारानं सासूकडे पाहिलं. साइराकाननं पहिला चौकोन तेलात सोडला. तो बुडाला आणि फुगून वर आला.

"लिहू दे," ती म्हणाली. "एवढं काय!"

"आपा, तुझ्या नावाचंही एक नेटवर्क काढू का?" लिहिता लिहिता कुबात म्हणाला. वातावरण हलकं करावं असं त्याला वाटलं असावं.

"माझं नाव नको त्या डब्यात. मला ना वाचता येतं, ना फोन धरता येतो. मेल्यावर बघू."

नाव लिहून झालं. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. कुबातनं घोड्याचं नाव घालून पाहिलं, जन्मसाल घातलं, गावाचं नाव घातलं. लॅपटॉप ढिम्म हलला नाही. मग त्यानं जिपाराचा हॉटस्पॉट बंद करून फोन फळीवर ठेवला.

"याची बॅटरी संपवू नका. माझ्या फोनला इथं रेंज नाही, टेकाडावर जाऊन संगणकवाल्याला लावतो. बिश्केकला गेलाय, पण उचलेल. त्याला आठवत असेल."

"बारा वाजत आले, भावोजी."

"धावतोच."

तो गेला. खिडकीतून तो बर्फातून वर चढताना दिसत होता. अंगणात काश्का खांबाला बांधलेला होता. जिपारा लॅपटॉपसमोर बसली. डोक्यावरचा रुमाल तिनं नीट केला, मुलाखतीसाठी. मग हात मांडीवर ठेवून नुसती बसली.

घरभर तेलाचा वास भरला होता. गुरुवारी तेलाचा वास काढायचा, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. गेलेली माणसं त्या दिवशी आपापल्या घराशी येतात. ती जेवत नाहीत, वासावरच तृप्त होतात, आणि आपल्याला विसरले नाहीत एवढं बघून परत जातात. ज्या घरातून वास येत नाही तिथं दारातूनच फिरतात असं म्हणतात. साइराकान चाळीस-पन्नास वर्षं दर गुरुवारी कणकेचे हे बोरसोक तळत आली होती, आधी सासूसाठी, मग एका तान्ह्या लेकीसाठी, आणि या हिवाळ्यापासून नवऱ्यासाठी.

"आपा," जिपारा हळूच म्हणाली.

"काय गं?"

"यादीत आलंय."

"कुरळ्यानं केलं असेल काहीतरी."

"माझा फोन बंद आहे, आपा."

साइराकाननं झारा कढईच्या काठावर ठेवला. उठून आली. तिला वाचता येत नव्हतं, तरी वाकून पडद्याकडे पाहू लागली. तिथं चार रेघा होत्या, चारही भरलेल्या. त्या एकदम पुसट झाल्या, गेल्या, आणि परत आल्या.

"काय लिहिलंय?"

जिपारानं रुमालाचं टोक ओठांवर धरलं.

"सांग की. काय लिहिलंय?"

"घरच्या मोठ्यांचं..."

साइराकान खिडकीबाहेर बघत होती. अंगणात काही नव्हतं. कुंपणाचं दार लागलेलं होतं. काश्कानं मान वर केली होती आणि कान त्या दाराकडे वळवले होते.

"जोडलं का?"

"नाही. येतंय आणि जातंय."

"त्यांना सवय नाही न बोलावता आत यायची," साइराकान म्हणाली. तिचा आवाज रोजचाच होता, दूध उतू जातंय असं सांगावं तसा. "आयुष्यभर दारात खाकरून उभे राहायचे. मी म्हणायचे, स्वतःचंच घर आहे ना? तरी उभेच. नाव घे, पोरी."

"आपा!"

"मी सांगते ना. माझ्या हाकेला ते येणार नाहीत. मी कधी नावानं हाक मारलीच नाही, त्यांना ओळखू येणार नाही. तू शिकलेली आहेस. वाच तिथं काय लिहिलंय ते."

कढईत एक बोरसोक काळा पडायला लागला होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

जिपारानं दोन्ही हात लॅपटॉपच्या कडांवर ठेवले. लग्न करून आली तेव्हा घोड्यावरून तिला उतरवून घेणारे हात तिला आठवले असतील, किंवा काहीच आठवलं नसेल. ती फार हळू बोलली, पहिल्या इयत्तेतलं मूल अक्षर जोडून वाचतं तशी.

"तोक्तोसुन."

बाहेर काश्का एकदाच फुरफुरला. दार हललं नाही. फक्त चुलीतला जाळ जरासा वाकला आणि सरळ झाला.

पडद्यावरचं वर्तुळ फिरायचं थांबलं, चारही रेघा भरून राहिल्या.

बरोबर वेळेवर चष्मा घातलेली एक बाई आणि चहा ढवळणारा एक माणूस समोर आले. त्यांनी तिला दुसरीच्या मुलांबद्दल विचारलं, घरी पुस्तकं नसतील तर काय कराल विचारलं. जिपारा सुरुवातीला अडखळली. मग आजोबा छातीशी फोन धरून बसायचे आणि त्यांची नात शिकायची, हे तिनं सांगितलं. घरातलं एक मोठं माणूस नुसतं शेजारी बसलं तरी मूल शिकतं, म्हणाली. चहा ढवळणाऱ्या माणसानं चमचा खाली ठेवला.

"तुमचा आवाज फार स्वच्छ येतोय," शेवटी बाई म्हणाली. "सकाळपासून कुणाचाच असा आला नाही. तुम्ही शहरातून बोलताय का?"

"नाही. घरूनच."

कुबात कधीतरी येऊन उंबऱ्यावर थांबला होता, बर्फानं भरलेल्या बुटांसकट. पडदा काळा झाल्यावर तो आत आला.

"त्यानं उचललाच नाही. तुम्हाला पासवर्ड कसा सापडला?"

जिपारानं लॅपटॉप मिटला. साइराकान कढईतला जळका बोरसोक काढत होती.

कुबातनं फळीवरचा फोन उचलला. हॉटस्पॉट बंदच होता. त्यानं आत जाऊन पाहिलं, किती डेटा गेला, कोण जोडलं गेलं. कुणीच नाही. त्यानं फोन ठेवायच्या आधी एकदा खिडकीबाहेर पाहिलं. मग बूट काढले, हात धुतले आणि जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाशी येऊन बसला. साइराकाननं बोरसोकांचा ढीग मध्ये ठेवला. तिघांनी हात उघडले. कुबातनं गेलेल्यांच्या नावानं प्रार्थना म्हटली, आणि तिघांनी हात चेहऱ्यावरून फिरवले.

"चहा ओत," साइराकान सुनेला म्हणाली. "चार वाट्या."

जिपाराला ती जागा मिळाली. अजूनही ती दुसरीचा वर्ग शिकवते. मेदेर पुढच्या वर्षी पाठीचं दुखणं घेऊन मॉस्कोहून परतला आणि आता वडिलांच्या घोड्या सांभाळतो. काश्का वर्षाच्या जेवणाला कापला गेला, रीतच आहे ती. कुबातनं गाडी विकून नारिनच्या बाजारात फोन दुरुस्तीचं दुकान टाकलं. चांगलं चालतं, फक्त गुरुवारी दुपारनंतर तो दुकान बंद ठेवतो आणि विचारलं तर म्हणतो, गिऱ्हाईक नसतं. आयपेरी आईच्या खांद्याला लागली आहे. म्हाताऱ्याचा फोन एका गुराख्याला दोन उन्हाळ्यांनी खिंडीत सापडला, पाठ फुटलेली, आत माती आणि उंदरानं कुरतडलेल्या तारा. तो आता गोधड्यांच्या राशीत ठेवलेला आहे.

साइराकान २०२४ च्या हिवाळ्यात गेली, झोपेतच.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी जिपारानं स्वतः कणीक मळली, तेल तापवलं. उद्याच्या धड्याची तयारी करावी म्हणून शाळेनं दिलेला नवा लॅपटॉप तिनं उघडला. त्याला कुलूप नव्हतं. तेल कढल्यावर पडद्यावर यादी आली. तिच्या फोनच्या नावाखाली दोन नावं होती, एकाखाली एक. वरचं तिनं आयुष्यात एकदाच उच्चारलं होतं. खालच्या नावाच्या बाईला कधी फोन धरता आला नव्हता.

जिपारा उठली. कुंपणाचं दार उघडून ठेवलं, घराचंही. परत येऊन तिनं झारा खाली ठेवला, ओला हात फडक्याला पुसला आणि दोन्ही नावं मोठ्यानं वाचली.