गुडघ्याचे गुण

शाळेतल्या मुलांनी त्यांचं नाव शिट्टीसर ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावर शिट्टी गळ्यातून उतरली, नाव काही उतरलं नाही. ते व्यायामाचे शिक्षक होते. शरीर मनाचं ऐकतं, आपण नुसतं ठणकावून सांगायला हवं, यावर त्यांचा आयुष्यभर विश्वास होता. धावताना एखाद्याच्या पोटात कळ आली की ते म्हणायचे, आली तशी जाईल, तू थांबू नकोस. बहुतेकदा ती जायचीही. त्यामुळे बायकोचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी तिलाही तेच सांगितलं.

आणि ती ऐकणारी होती. लग्न झाल्यापासून त्यांचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. गुडघे आधी जिना उतरताना कुरकुरले, मग बसून उठताना, मग नुसतं ओट्याशी उभं राहिलं तरी. ती पातेलं उतरवताना ओट्याची कड धरायची आणि क्षणभर डोळे मिटायची. सर ते बघायचे आणि पेपरात डोकं घालायचे. शेवटी एका सकाळी तिला न्हाणीतल्या स्टुलावरून उठताच येईना. आत बसून तिने हाक मारली, तीही हळू, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशी. तेव्हा कुठे ते तिला हॉस्पिटलात घेऊन गेले.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. दोन हाडांमध्ये जी फट असायला हवी होती ती उजव्या गुडघ्यात जवळजवळ उरलीच नव्हती. ऑपरेशन कधीतरी करावं लागणार, ते म्हणाले. पण फोटो वाईट असूनही कितीतरी माणसं बरी चालतात, आणि ऑपरेशनची रांग मोठी आहे. तेव्हा आधी कोणाला घ्यायचं ते आम्ही फोटोवर नाही, चालण्यावर ठरवतो.

चालणं मोजायचं काम एका चष्मेवाल्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडे होतं. तिने सरांच्याच फोनवर एक ॲप घालून दिलं, आणि एक रुंद पट्टा दिला. फोन पट्ट्याच्या खिशात घालायचा आणि पट्टा मांडीवर, गुडघ्याच्या वर बांधायचा. मग फोनच सांगणार, उठा, बसा, चाला, वळा. गुडघा किती वाकतो, माणूस किती वेळात उठतो, चालताना कुठल्या बाजूला झुकतो, हे सगळं त्याला आतल्या आत कळतं. शेवटी दुखणं किती, हे एका रेघेवर बोट सरकवून सांगायचं, डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. दर महिन्याला घरी एकदा करायचं. निकाल हॉस्पिटलात आपोआप पोचतो.

"फक्त एक लक्षात ठेवा," ती मुलगी म्हणाली. "रोज जसं उठता-चालता तसंच करायचं. नेहमीची खुर्ची, नेहमीची वेळ. जोर लावून करायचं नाही."

सरांनी मान डोलावली. त्यांचं लक्ष पट्ट्याच्या बकलाकडे होतं.

पहिल्यांदा घरी केलं तेव्हा पडद्यावर अर्धगोल उमटला आणि त्याचा काटा पिवळ्यातून लालकडे झुकला. सरांचा चेहरा पडला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना पदकं मिळवून दिलेला माणूस, आणि स्वतःच्या घरात हा निकाल. ती बिचारी हात खुर्चीवर टेकवून उभी होती, जशी काही तिच्या हातून बशी फुटली होती.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी तिची तयारी सुरू केली. सकाळी भिंतीला पाठ लावून व्यायाम, संध्याकाळी गॅलरीत फेऱ्या. परीक्षेच्या दिवशी वेदनेची गोळी आधी द्यायची, गुडघे शेकायचे, आणि ती जरा मोकळी झाली की मगच पट्टा बांधायचा. खुर्चीही त्यांनी बदलली. जेवणाच्या टेबलाची बुटकी होती. तिच्याऐवजी त्यांनी आपल्या लिहायच्या टेबलाची उंच खुर्ची आणली. उंच खुर्चीवरून उठणं सोपं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यात काही लबाडी आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. खेळाडूला चांगले बूट द्यावेत, तसं ते होतं. दुखण्याच्या रेघेवर बोट तेच सरकवायचे. किती दुखतंय, विचारलं की ती म्हणायची, आहे की. मग ते जरा डावीकडे सरकवायचे, जरा अजून डावीकडे.

काटा हलू लागला. दोन-तीन महिन्यांत तो पिवळ्यातून सरळ हिरव्यात गेला. त्या दिवशी सर फोन हातात घेऊन खोलीभर फिरले आणि बायकोच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास!"

एवढ्या वर्षांच्या संसारात हा शब्द तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. तो कायम मैदानावर, दुसऱ्यांच्या पोरांवर खर्च होत आलेला. ती लाजली. घामेजलेल्या चेहऱ्यावर पदर फिरवत ती हसली, आणि सर चहा टाकायला गेले तशी आतल्या खोलीत जाऊन पलंगावर आडवी झाली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. दमली असेल, असं सरांना वाटलं.

काही दिवसांनी चष्मेवालीचा फोन आला. सुधारणा छान आहे, ती म्हणाली. ऑपरेशनची घाई नको, ज्यांना जास्त त्रास आहे त्यांना आम्ही आधी बोलावतोय. म्हणजे बायकोचं नाव रांगेत मागे गेलं होतं. सरांनी ही बातमी दुकानदारापासून जुन्या मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ऐकवली. कापाकापी न करता गुडघा वठणीवर आणला, असं ते सांगत. बायको शेजारी उभी असली तर नुसती मान हलवायची.

घरात मात्र गोष्टी गुपचूप बदलत होत्या. कपडे गच्चीऐवजी खिडकीत वाळू लागले. तिचं शेजारी जाणं बंद झालं. थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, ती पूर्वी वरचेवर जायची. आता फोनवरच बोलणं व्हायचं. आई लवकर गेल्यावर याच ताईने तिला वाढवलं होतं, वेणी घालण्यापासून लग्नापर्यंत सगळं केलं होतं. ताई म्हणायची, ये ना एकदा, आणि ही म्हणायची, येते गं पुढच्या आठवड्यात. असे बरेच आठवडे गेले.

मग एका दुपारी ताईच्या सुनेचा फोन आला. ताईंनी अंथरूण धरलंय, डॉक्टरांनी आशा सोडलीय, मावशींना घेऊन लगेच या.

ताई चौथ्या मजल्यावर राहत होती, आणि इमारतीची लिफ्ट बंद होती. दारावर चिठ्ठी लावलेली, सुटा भाग आला की दुरुस्त होईल. सर म्हणाले, हरकत नाही, सावकाश चढू. बायकोने कठडा धरला. पहिल्या वळणापर्यंत ती कशीबशी पोचली, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. तिथे ती थांबली आणि हळूच पायरीवर बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

सर म्हणाले, "अगं चल, हिरव्यात आहेस तू. होईल."

तिने वर त्यांच्याकडे पाहिलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "अहो, ते मी तुमच्यासाठी करत होते. तुम्ही किती खूश व्हायचात."

सर धावपळ करू लागले, कारण त्यांना तेवढंच येत होतं. रखवालदाराला बोलावलं, खाली कोणाकडून तरी खुर्ची आणली, तिच्यात बसवून उचलायचं ठरवलं. जिना अरुंद होता. वळणावर खुर्ची अडकली, तिचा दुखरा गुडघा भिंतीवर आपटला आणि इतके महिने जे तिने दाबून ठेवलं होतं ते एका किंकाळीत बाहेर आलं. रखवालदाराने खुर्ची खाली ठेवली. आता नको, ती म्हणाली. तुम्ही जा वर, मला फोन लावून द्या.

सर चौथ्या मजल्यावर एका दमात गेले. या वयातही त्यांचे गुडघे ठणठणीत होते. त्यांना धापसुद्धा लागली नाही, आणि तीच गोष्ट त्यांना पुढे कित्येक दिवस बोचत राहिली. ताईने दार वाजल्यावर मान वळवली आणि त्यांच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

सुनेने फोन ताईच्या तोंडासमोर धरला. ताईला धड दिसत नव्हतं, पण आवाज ओळखला.

"कुठवर आलीस गं?"

"आले ताई. खालीच आहे."

"मग ये ना वर."

बायको म्हणाली, येते हं, तू पडून रहा. ती पहिल्या वळणावर, पायरीवर बसून बोलत होती. तिचा आवाज जिन्यातून वरपर्यंत येत होता, तो सरांना फोनमधून एकदा आणि उघड्या दारातून एकदा ऐकू आला.

लिफ्टचा भाग आला, पण ताई त्याआधीच गेली.

त्यानंतर सर एकटे हॉस्पिटलात गेले आणि चष्मेवालीला सगळं सांगितलं. गोळ्या, शेक, उंच खुर्ची, रेघेवरचं बोट. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती चष्मा पुसत राहिली आणि म्हणाली की मीही फोन केला तेव्हा तुमच्याशीच बोलले, काकूंना फोन द्या असं म्हटलं नाही.

तिने बायकोला परत तपासायला बोलावलं. साधी खुर्ची होती, गोळी नाही, शेक नाही. फोनने उठा म्हटलं की बायको आधी सरांकडे बघायची आणि मग दात आवळून जोर करायची. दोनदा असं झाल्यावर त्या मुलीने सरांना बाहेर बसायला सांगितलं. दार लोटलं गेलं. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी आत खुर्ची करकरल्याचा आवाज ऐकला, आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. काटा लालमध्ये गेला होता, अगदी टोकाला.

नाव पुढे आलं, ऑपरेशनही झालं. डॉक्टर खूश होते. थोड्याच महिन्यांत बायको काठीशिवाय घरात फिरू लागली, मग रस्त्यावर, मग जिन्यावर. जिना ती आता चढू शकत होती. चौथ्या मजल्यावर जायचं तिने कधी नाव काढलं नाही, आणि सरांनीही.

ऑपरेशननंतरही मोजणी चालूच होती. पट्टा आता तीच बांधायची, खोलीचं दार लावून घ्यायची. सर बाहेर थांबायचे. निकाल विचारायचे नाहीत. त्याऐवजी त्यांनी आयुष्यात न विचारलेला प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. सकाळी, चहाच्या वेळी, बाजारातून आल्यावर, ते विचारायचे, "दुखतंय का?"

"छे हो, अजिबात नाही," ती लगेच म्हणायची, त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

खरंच दुखत नसेलही. डॉक्टर तसंच म्हणाले होते. सर तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघायचे. तो शांत असायचा, हसरा असायचा, पूर्वीही तसाच तर असायचा. मग ते तिच्या हातातली पिशवी घ्यायचे, आणि ती मुकाट्याने देऊन टाकायची.