पत्र्याची चांदणी

मित्रांनो, मी पातळ पत्रा कापणारी कात्री. आता जुनी झाले आहे आणि भंगारात जाता जाता वाचले आहे. वाचल्याचा आनंद मात्र फारसा नाही.

लोहाराने पोलाद तापवून, ठोकून, पाणी पाजून मला घडवले. ट्रंका बनवणाऱ्या एका कारागिराने मला विकत घेतले. तेच माझे मालक. खिळ्याच्या टोकाने ते पत्र्यावर रेघ ओढत आणि तिच्यावरून मला सावकाश चालवत. माझी पाती ते कधी टोकापर्यंत मिटू देत नसत, कारण टोक मिटले की पत्र्याच्या कडेला काटा उठतो. त्यांच्या कापाला कानस लागत नसे. एखादा नवखा कामगार वाकडे कापून माझ्या नावाने खडे फोडू लागला, की ते हसून म्हणत, "नाचता येईना, अंगण वाकडं." मला तेव्हा फार बरे वाटे.

काम सुटल्यावर मालकांनी मला घरी आणले. बाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, नजर हळूहळू गेली होती. स्वयंपाकघरातले डबे ओळखू येत नसत आणि दर वेळी कुणाला तरी विचारताना त्या कानकोंड्या होत. म्हणून मालकांनी पत्र्याच्या खुणा कापून डब्यांना बांधल्या. साखरेला गोल, मिठाला चौकोन, चहाला पान. बाई बोटे फिरवून डबा ओळखू लागल्या. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेवढेच.

एके दिवशी त्यांच्या मुलाला पडद्याची पोलादी तार कापायची होती. पक्कड सापडेना, म्हणून त्याने मला घेतले. तार तुटली आणि माझ्या पात्याचा टवका उडाला. त्याने मला गुपचूप जागेवर ठेवले.

दुसऱ्याच दिवशी मालकांनी औषधाच्या डब्यासाठी चांदणी कापली. माझ्या खाचेमुळे तिच्या कडेला बारीक काटा राहिला. मालकांची नजरही अधू झाली होती, अंगठ्याला घट्टे होते. त्यांना तो कळला नाही. संध्याकाळी त्यांना चांदणीवर रक्त दिसले. बाईंनी बोट मुठीत लपवले होते.

"अहो, सुरी लागली मला," त्या म्हणाल्या.

"राहू दे. हात गेला माझा."

माझ्याकडे त्यांनी संशयाने पाहिलेसुद्धा नाही. मला तेल लावले, फडक्यात गुंडाळले आणि खणात ठेवले. त्यानंतर तीन वर्षे ते जगले, पण पत्र्याला हात लावला नाही. नव्या डब्यांना खुणा मिळाल्या नाहीत. बाई पुन्हा लोकांना विचारू लागल्या.

मालक गेल्यावर मुलाने खण रिकामा केला. "आई, ही कात्री भंगारात देऊ?"

"आण इकडे." बाईंनी माझ्या पात्यावरून बोट फिरवले आणि त्या मध्येच थांबल्या. "इथे खाच आहे. हिनं तार कापलीस का रे?"

"एकदाच. पडदे लावले तेव्हा."

"म्हणजे चांदणीच्या आदल्या दिवशी." बाईंनी मला मांडीवर ठेवले. "शेवटपर्यंत स्वतःच्या हाताला बोल लावत गेले रे ते."

मित्रांनो, पत्र्याच्या कात्रीने तार कापू नका. चुकून कापलीच, तर निदान सांगा. त्या एका वेळी अंगण खरोखरच वाकडे होते. मला ते सांगता येत नव्हते. त्याला येत होते.