एकच बोल्ट

नोएलीन पॅस्कोनं पट्टी तिसऱ्यांदा लावली. पुढचं उजवं चाक, मध्यापासून वरच्या कमानीच्या काठापर्यंत तीनशे बासष्ट मिलिमीटर. डावं तीनशे चोपन्न. आठाचा फरक. फाटकातून पाहिलं तरी कळत होतं, लाल यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, एक खांदा उचलून उभी होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

या स्प्रिंगा तिच्या नवऱ्यानं, ट्रेव्हरनं आणलेल्या. मूळच्यांपेक्षा आखूड, गाडी दीड इंच खाली बसवणाऱ्या. हिवाळा सरला की दोघं मिळून बसवू, म्हणाला होता. हिवाळा सरला, पण त्याआधीच तो गेला, आणि खोकं शेडमध्ये तसंच राहिलं. दर ऑक्टोबरात ॲडलेडच्या उत्तरेकडच्या वस्तीतली, बंद पडलेल्या मोटार कारखान्यातली माणसं फुटबॉलच्या मैदानावर आपापल्या गाड्या रांगेत लावतात. या शनिवारी नोएलीन पहिल्यांदाच एकटी जाणार होती. यूट ट्रेव्हरला हवी तशीच, खाली आणि सरळ बसलेली न्यायची, एवढंच तिनं ठरवलं होतं. दाबलेली स्प्रिंग हातातून सुटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते, आणि त्या कारखान्यात गाड्या जोडायच्या लाइनवर सत्तावीस वर्षं घासून तिचा उजवा खांदा कामातून गेलेला. म्हणून काम बाहेर दिलं. बाकीचे वर्कशॉपवाले तीन आठवड्यांनी या म्हणाले. राहता राहिला रॉस टिलबरी, त्यानंच स्प्रिंगा बसवल्या होत्या.

हा रॉस म्हणजे लाइनवरचा तिचा सुपरवायझर. चौदा वर्षं तिच्या पाठीमागे घड्याळ धरून उभा राहिलेला माणूस. कारखाना मिटल्यावर यानं वर्कशॉप थाटलं आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सस्पेन्शनचे जाणकार'. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्यांचा जाणकार म्हणायचं, तसंच ते.

गुरुवारी सकाळी तिनं यूट थेट त्याच्या दारात घातली. आत कारखान्याच्या पेंटशॉपमधला जुना मिलान आपली निळी गाडी टायरसाठी घेऊन आला होता. रॉस आइस कॉफीच्या कागदी डब्याला तोंड लावून बसला होता.

"रॉस, गाडी वाकडी बसलीय."

"वाकडी नाही गं राणी. नव्या स्प्रिंगा आहेत, बसायला वेळ घेतात. आठवडाभर फिरव."

"स्प्रिंगा दोन्हीकडे नव्या आहेत. मग डावी बसली आणि उजवी रुसली का?"

"तुझ्या घरापुढची जमीन उतरती असेल."

नाचता येईना अंगण वाकडं! नोएलीननं पट्टी त्याच्या छातीवर आपटली. "हे घे. तुझ्या फरशीवर मोज."

त्यानं मोजलं. तीनशे बासष्ट. तीनशे चोपन्न. आता माणूस निदान ओशाळेल की नाही? हा उठून हात झटकत म्हणाला, "मग स्प्रिंगाच टाकाऊ. ट्रेव्हरनं स्वस्तातला माल उचलला असणार. तो कुणाचं ऐकायचाच नाही."

मेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही, हे रॉसला पक्कं ठाऊक होतं. नोएलीनचे कान तापले. ओरडायला तोंड उघडलं, पण आधी नजर वर्कशॉपच्या मध्यावर गेली. तिथे एक गाडी लिफ्टवर होती, पोटाखाली हात देऊन उचललेली, चारी चाकं हवेत लोंबकळत.

"चाकं धरणाऱ्या खालच्या दांड्यांचे आतले बोल्ट कुठे आवळलेस?"

"कुठे म्हणजे? लिफ्टवर."

"चाकं लोंबकळत असताना?"

"मग काय गाडी डोक्यावर घेऊन आवळू?" रॉस मोठ्यानं हसला आणि मिलानकडे वळला. "ऐकलंस? बाई मला सस्पेन्शन शिकवायला आल्यात. सत्तावीस वर्षं एकच बोल्ट आवळला हिनं. एकच! माकडालाही जमलं असतं."

मिलान हसला नाही.

माकड हा शब्द नोएलीननं पहिल्यांदा ऐकला नव्हता. एकदा लाइनवर हिरवा दिवा लागला नाही म्हणून तिनं पाना खाली ठेवला होता. तेव्हा रॉस सगळ्यांदेखत म्हणाला होता, 'यात विचार कसला करायचा? माकडही आवळेल.' आणि वहीत लिहिलं होतं, चार सेकंद उशीर. त्या दिवशी ती मूग गिळून गप्प बसली. घरी हप्ते होते, ट्रेव्हरची पाठ धरलेली होती. आज घरी कुणीच नव्हतं.

"कुठला बोल्ट रे?"

"काय?"

"सत्तावीस वर्षं मी कुठला बोल्ट आवळला? तू सुपरवायझर होतास ना? सांग की."

रॉसनं खांदे उडवले. "पुढचा कुठलातरी."

"कुठलातरी!" ती यूटमध्ये बसली आणि कोपऱ्यातल्या खड्ड्यावरच्या रॅम्पवर गाडी चढवली. चारी चाकं टेकलेली, गाडीचा सगळा भार चाकांवर.

"ए, माझ्या वर्कशॉपमध्ये..."

"तोंड बंद ठेव. मिलान, मी सांगितलं की बंपरवर जोर दे."

ती खड्ड्यात उतरली. उजव्या दांडीचा आतला बोल्ट समोरच होता. तिनं पाना चढवला आणि दुखऱ्या खांद्याला शिव्या देत ढिला केला. आत कुठेतरी रबर करकरलं. मग डावा.

"दाब!"

मिलाननं दोनदा जोर दिला आणि हात काढले. यूटचं नाक जड माणूस खुर्चीत बसावा तसं खाली बसलं, आणि बसूनच राहिलं. ठरलेला जोर लागून पाना टक् वाजेपर्यंत तिनं दोन्ही बोल्ट आवळले, खड्ड्यातून वर आली आणि पट्टी रॉसच्या हातात दिली.

"मोज."

उजवं तीनशे एक्कावन्न. डावं तीनशे एक्कावन्न. रॉसनं पुन्हा उजवं मोजलं.

"लाइनवर एक दाबयंत्र होतं, आठवतं?" नोएलीन म्हणाली. "गाडी रस्त्यावर जेवढी बसणार तेवढ्या उंचीला ते चाक दाबून धरायचं. मग हिरवा दिवा. मगच बोल्ट. कारण बोल्टाभोवतीचं रबर ज्या जागी आवळाल तीच जागा ते धरून बसतं. चाक लोंबकळताना आवळलं तर जन्मभर गाडीला वर ढकलत राहतं आणि शेवटी फाटतं. उजवं रबर ट्रेव्हरनं गेल्या वर्षी नवं घातलं, म्हणून तिकडून जास्त ढकललं. स्प्रिंगा चांगल्या होत्या. तो स्वस्तातला माल घेत नव्हता."

"बरं, बरं. एखादी चूक होते..."

"चूक नाही रे! चौदा वर्षं माझ्या मागे उभा राहून तू फक्त काटा बघितलास. माझे हात काय करतायत ते एकदाही बघितलं नाहीस."

मिलान घसा खाकरून हळूच म्हणाला, "रॉस, गेल्या महिन्यात माझीही गाडी अशीच खाली बसवलीस. तीही लिफ्टवरच आवळलीस ना?"

रॉसनं नजर लिफ्टकडे वळवली. उत्तर तेच होतं.

नोएलीननं यूट उतरवली, मिलाननं आपली निळी गाडी रॅम्पवर चढवली. मग तिनं पाना रॉसपुढे धरला.

"मी?" रॉस म्हणाला.

"मग कोण, माकड? उतर."

तो खड्ड्यात उतरला. नोएलीन बरोबर त्याच्या डोक्यावर, रॅम्पच्या कडेला उभी राहिली आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. लाइनवर एका गाडीला अठ्ठावन्न सेकंद मिळायचे. अठ्ठावन्न झाले तेव्हा रॉस अजून पहिला बोल्ट चाचपत होता.

"वेळ संपली," ती म्हणाली. "लिहून ठेवू?"

खालून नुसते धापेचे आवाज आले. पाना दोनदा निसटला. मग रबर करकरलं, मिलाननं जोर दिला, निळं नाक खाली बसलं.

"नोएलीन," रॉस खालून म्हणाला. राणी म्हणाला नाही. "किती आवळायचा?"

तिला वाटलं, पाठ फिरवावी आणि निघून जावं. चौदा वर्षांचा राग काही एका खड्ड्यात मावत नव्हता. पण गाडी मिलानची होती. तिनं घड्याळाचा हात खाली केला आणि त्याला पान्यावर लावायचा आकडा सांगितला.