टोंगा, फिजी आणि मोटेचं कडं

मी रिंग बोलतेय, बास्केटबॉलची. तुम्ही म्हणाल, रिंग असती तर वर खांबावर असती. ही तर पार्वतीबाईच्या अंगणात घागरीखाली बसलीय. खरं आहे तुमचं. तेच तर सांगायचंय.

जन्मानं मी मोटेचं कडं. औशाच्या शिवारात मलप्पाची विहीर होती. चामड्याच्या मोटेचं तोंड उघडं राहावं म्हणून मला तिच्या ओठाला शिवलं होतं. बैल उताराला लागले की मी भरल्या तोंडानं वर यायची आणि भडाभडा ओतायची. मलप्पा मोट हाकताना गायचा. आवाज भसाडा, पण मला सवयीनं गोड लागायचा. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला. मोट वाळली, तडकली, चामडं उंदरांनी नेलं. मी तेवढी खुंटीवर उरले.

दहाएक वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला. औशात पेढे वाटले. नवा जिल्हा म्हटल्यावर सगळंच नवं हवं: नवे साहेब, नवे शिक्के, नवे संघ. शाळेत खेळाचे सर होते अमृतराव. जिल्ह्याचा मुलींचा पहिला बास्केटबॉल संघ आपल्या हातून घडावा, असं त्यांनी मनात घेतलं. चेंडू होता, पण रिंग नव्हती.

मलप्पाची नात नीलम्मा घरी येऊन म्हणाली, "आज्जा, आपलं कडं दे की."

"ने माय. नाहीतरी विहिरीला आता तोंड दाखवायला लाज वाटती."

वीरण्णानं आपल्या वेल्डिंगच्या दुकानात मला पट्ट्या जोडल्या, शाळेच्या जुन्या फळ्यावर नटबोल्टांनी बसवलं आणि खांबावर चढवलं. वर गेल्यावर मला काय काय दिसायला लागलं म्हणून सांगू! कुणाची भाकर करपली, कुणाची सून रुसली, टँकर आल्याबरोबर दुसऱ्याची घागर मागं सारून स्वतःची पुढं कोण ठेवतं, सगळं. मी कुणाला सांगायला जात नव्हते, एवढाच काय तो फरक माझ्यात आणि शेजारच्या पार्वतीबाईत.

सरांनी पेपरात वाचलं होतं की दूर समुद्रात बेटांचे देश आहेत, काही तर आपल्या तालुक्याएवढे. पण त्यांचेही देशाचे संघ असतात आणि ते एकमेकांशी बास्केटबॉल खेळतात. "आपण काय कमी हाव का?" म्हणत सरांनी गल्लीगल्लीचे संघ केले. किल्ल्याकडच्या मुली झाल्या फिजी, बाजारातल्या सामोआ, आणि नीलम्माची गल्ली टोंगा.

"बेट म्हणजे काय ओ सर?" पार्वतीबाईनं कुंपणावरून विचारलं.

"चारी बाजूंनी पाणी, मावशी."

"अगं बाई! मग एक बेट इकडं पाठवून द्या म्हणावं की. पाण्यासकट!"

सगळं मैदान हसलं. तो उन्हाळाही कोरडाच होता. मुली आधी टँकरच्या रांगेत भांडायच्या, घरचं पाणी भरायच्या, मग खेळायला यायच्या. रिंग एकच, त्यामुळे सगळ्या देशांचे चेंडू माझ्याच तोंडात. नीलम्मा चांगली उंच पोर. तिचा चेंडू वर जाऊन माझ्यातून असा अलगद उतरायचा, की मला मोटेचे दिवस आठवायचे. तिला एकच ध्यास होता: जिल्ह्याच्या पहिल्या संघात जायचं, नांदेडची विभागीय स्पर्धा जिंकायची आणि आज्ज्याला पेढा भरवायचा. सरांनी तसा शब्दच दिला होता. "बेटांच्या स्पर्धेत जी चमकंल, ती नांदेडला."

बेटांच्या अंतिम सामन्याला जिल्ह्याचा संघ ठरवायला लातूरहून साहेब येणार होते. आदल्या दुपारी मैदानात चिटपाखरू नव्हतं. सर शिडी घेऊन आले. खिशातून सुतळी काढली, नांदेडच्या मैदानावरच्या रिंगवरून मापून गाठ मारलेली. ती माझ्या तोंडावर आडवी धरली. गाठ आली, तरी माझं तोंड दोन बोटं उरलंच.

मोटेचं तोंड ते. पाणी घ्यायला मोठंच असायचं.

सर शिडीवर तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता काढतील, वीरण्णाकडं नेतील. तापवून, कापून, पुन्हा जोडायला कितीसा वेळ लागतो? पण मी लहान झाले तर उद्या साहेबांपुढं माझ्यातून चेंडू कमी जातील, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी सुतळी गुंडाळून खिशात घातली. इकडं तिकडं पाहिलं आणि शिडी उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी टोंगानं फिजीला धुऊन काढलं. साहेब म्हणाले, "नव्या जिल्ह्याला हिरे सापडले." सरांना संघाचं प्रमुख केलं. नीलम्माची निवड झाली. मलप्पा खांबाजवळ आला आणि कुणी बघत नाही असं पाहून त्यानं खांबाला हात जोडले.

निवडीनंतरही नांदेडला जायला महिना होता. रोज वाटायचं, आज सर सांगतील. पोरी रोज माझ्या मोठ्या तोंडावर हात बसवत राहिल्या आणि सर "शाब्बास! वाह रे टोंगा!" म्हणत राहिले.

नांदेडहून संध्याकाळच्या एसटीनं मुली परतल्या. तिथं चेंडू रिंगच्या काठावर आदळून बाहेर, पुन्हा आदळून बाहेर. पहिल्याच सामन्यात खेळ संपला होता. गाव जमलं तसे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "रिंगच खोटी निघाली. मला काय माहीत? मलप्पानं दिलेली. विश्वास ठेवला, दगा झाला."

मलप्पा पटका सावरत हळूच म्हणाला, "सर, म्या मोटंचं कडं दिलतं. रिंग तुम्ही म्हणलात."

कुणी ऐकलं नाही. नीलम्मा सरांकडं बघत होती, मग आज्ज्याकडं, मग माझ्याकडं. तिनं पान्हा आणला, स्वतः वर चढली आणि मला खाली टाकलं. "दगाबाज," म्हणाली. सगळा उन्हाळा ज्या हातांचे चेंडू मी झेलले, ते हात. लोखंडाला रडता येत नाही. आवाज तेवढा होतो पडल्याचा.

तेव्हापासून मलप्पा मैदानाकडं फिरकला नाही. सरांची लातूरला बदली झाली, मोठ्या मैदानावर, विकतच्या रिंगखाली. पुढच्या वर्षीचा संघ त्यांनीच निवडला, त्यात नीलम्मा नव्हती. "हात बिघडलाय तिचा," म्हणाले म्हणे. मला पार्वतीबाईनं उचलून आणलं. माझ्यात घागर घट्ट बसते, कलंडत नाही. तेवढं एक काम बरं जमलं.

काल नीलम्मा पाणी भरायला आली होती. पार्वतीबाई नेहमीसारखी बोलत सुटली. "ह्या रिंगलाच ते सर सुतळी लावून मापून राहिले होते बघ. शिडीवर चढून. तुमचा ते फिजीसंगट सामना व्हता ना, त्याच्या आदल्या दिवशी."

नीलम्माच्या हातातली कळशी तशीच राहिली. "आदल्या दिवशी? मावशी, नक्की?"

"आता गं! म्या पापड वाळू घालून राहिले होते. मला वाटलं, हार घालायचाय काय की रिंगला."

नीलम्मा कळशी ठेवून माझ्याजवळ बसली. कितीतरी वेळ माझ्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग तोंडातल्या तोंडात म्हणाली, "आज्ज्याला मी कायकाय बोलले, मावशी..." आणि उठून मलप्पाच्या घराकडं पळाली. घागर माझ्यावर तशीच.

आज सकाळी दोघं मिळून आले. मलप्पा मला खांद्यावर घ्यायला वाकला, पण पार्वतीबाई म्हणाली, "घागर रिकामी होऊ द्या की आधी." म्हणून अजून इथं आहे. उद्या वीरण्णाकडं जायचंय. नीलम्मानं गल्लीतल्या पोरी गोळा केल्यात. "सरांची न्हाई, आपली रिंग लावू. बरोबर मापाची."

माझी माफी कुणी मागितली नाही. लोखंडाची कोण मागतं? उद्या भट्टीत माझं ते दोन बोटं जास्तीचं तोंड कापून कमी केलं जाईल. मग मी कुठल्याच मोटेला बसणार नाही, आणि मोटाही कुठं राहिल्यात आता. कापा. पण कापलेला तुकडा फेकून देऊ नका. लातूरला मोठ्या मैदानावर कुणी जाणार असेल, तर तेवढा सरांच्या हातात द्या. म्हणावं, हे तुमचं राहिलं होतं.