मोटेचा वायसर

सरजाबाईला रिकाम्या हातानं घरी यायचं ठाऊकच नव्हतं. रानातून येताना चार काड्या, बाजारातून येताना सुतळी, सडकेवरून येताना एखादा खिळा, असं काही ना काही तिच्या ओटीत असायचंच. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला होती. काम बंद झालं तेव्हा बाकीच्या बाया शेवटचा हप्ता घेऊन परतल्या. सरजाबाई मात्र हप्त्यासोबत डांबराचं एक रिकामं पिंप लोळवत चार मैल चालत आली. वाटेत सगळे हसले. तिनं ते पिंप जाळून, राखेनं घासून, उन्हात तापवून स्वच्छ केलं आणि पुढची अकरा वर्षं त्यात ज्वारी ठेवली. एका दाण्याला कधी किडा लागला नाही. दुष्काळात वाटलेल्या लाल मिलो ज्वारीच्या रिकाम्या पोत्यांची तिनं वाकळ केली होती, जीपच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा विळा केला होता आणि फुटक्या घमेल्यात कोथिंबीर लावली होती.

तिचा नवरा नरसिंग लोकांना सांगायचा, "आम्ही दोघं गेल्यावर लोकायला वाटंल, हितं गराज व्हतं."

त्यांचं माळेसांगवी गाव निलंग्याच्या सडकेपासून कोसभर आत. गावठाण एकीकडे, सरजाबाईची बौद्ध वस्ती दुसरीकडे आणि मधल्या शाळेजवळ हापसा. विहिरीचं पाणी कुणी वरून ओतेल तेव्हा घ्यायचं, हे दिवस सरजाबाईनं आईच्या पदराला धरून पाहिले होते. हापशाला तसं काही नव्हतं. जो दांडा मारील त्याला पाणी. म्हणून हापसा बसला त्या दिवशी तिनं त्याला हळदीकुंकू नाही वाहिलं, पण पदरानं त्याच्यावरची माती मात्र पुसली होती.

ब्याऐंशी साली मृगानं तोंड दाखवलं आणि हस्तानं पाठ फिरवली. उन्हाळा लागेपर्यंत विहिरीचा तळ उघडा पडला आणि सगळं गाव हापशावर आलं. मग एका सकाळी दांडा एकदम हलका झाला. खाली-वर, खाली-वर, नुसती हवा. नरसिंगनं हापशाला कान लावला. चार वर्षांपूर्वी हापसा बसवताना तो मजुरीला होता, पाइप धरून धरून त्याला त्याचं पोट माहीत झालं होतं.

"वायसर खाल्ला," तो म्हणाला. "खाली नळीत पानी वर ढकलायला कातड्याच्या गोल चकत्या, वायसर, असत्यात. ते झिजले."

सरपंचांनी अर्ज दिला. पण गेल्या पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी नवा जिल्हा झाला होता, पेढे वाटून झाले होते, आणि कागद अजून गाड्यांतून इकडचे तिकडे जात होते. माळेसांगवीचा अर्ज जुन्या जिल्ह्याकडं राहिला की नव्याकडं आला, हे कुणालाच सांगता येईना. जो तो दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवी. मेकॅनिक येणार, येणार म्हणता तीन आठवडे गेले.

बाया आता दीड कोसावरच्या ओढ्यातल्या झऱ्याला जाऊ लागल्या. वाटीवाटीनं घागर भरायची. तिथं एके दिवशी सरजाबाईला पार्वतम्मा दिसली. पार्वतम्मा म्हणजे गावठाणातल्या गुरुबसप्पांची बायको. पंचावन्न वय, गुडघे धरलेले, आणि उभ्या जन्मात तिनं कधी घराच्या आडापलीकडून पाणी आणलं नव्हतं. सरजाबाईनं तिची घागर आपल्या घागरीवर ठेवली. पार्वतम्मानं आधी नको म्हटलं आणि मग स्वतःच ती सरळ करून दिली. दोघी सावकाश चालू लागल्या.

चालता चालता पार्वतम्मा जुन्या दिवसांचं बोलत होती. आमच्या विहिरीवर चार बैलांची मोट होती, सासरे पहाटे मोट धरायचे, पाट भरून पाणी वाहायचं. इंजिन आलं आणि मोट बंद झाली. आता विहीरही गेली आणि इंजिनही गंजलं.

सरजाबाई थांबली. डोक्यावरच्या दोन घागरी हिंदकळल्या.

"अव्वा, ती मोट कुठाय?"

"गोठ्यात टांगलीया. मामंजीची आठवन म्हणून यांनी खाली काढू दिली न्हाई. उंदरं बसून राहिलेत तिच्यात."

सरजाबाईनं घरी येऊन नरसिंगला सांगितलं. मोटेचं कातडं म्हणजे म्हशीचं जाड कातडं, वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेलं. पाण्यात कुजू नये म्हणूनच कमावलेलं. वायसराला यापरीस चांगलं कातडं निलंग्यात कोणत्या दुकानात मिळणार? पण नरसिंगचा चेहरा पडला. त्याचा बाप छप्पन्न साली नागपूरला जाऊन आला होता आणि आल्या दिवसापासून त्या घरानं कातड्याच्या कामाला हात लावला नव्हता.

"आपन ते सोडलं, सरजे. बापानं मार खाल्ला, पन मेलं ढोर वढलं न्हाई. आता पुन्यांदा कातडं घिऊन बसायचं?"

सरजाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. तिलाही ते लागलं होतं. मग ती म्हणाली, "ढोर वढायला कुनी सांगितलं न्हाई मला. सांगितलं असतं तर मीच न्हाई म्हनले असते. मी पानी वढून राहिले. माज्या मनानं."

नरसिंगनं विडी विझवली आणि पहार शोधायला उठला.

गुरुबसप्पा मात्र सहज वळणारे नव्हते. माणूस वाईट नव्हता, पण बापाच्या वस्तूला हात लावू म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. सरजाबाई आणि नरसिंग ओट्याखाली उभे राहिले. पार्वतम्मा दारात होती. सरजाबाईनं सगळं सांगितलं तरी ते मान हलवत राहिले. मेकॅनिक येईल, सरकारचं काम सरकार करील, मोट कापायची नाही. सरजाबाई वाद घालत बसली नाही. तिनं एवढंच विचारलं की, अप्पा, तुमचे बाबा मोट कशासाठी धरायचे?

तेवढ्यात दारातूनच पार्वतम्मानं कानडीत दोन शब्द ऐकवले. काय ते सरजाबाईला कळलं नाही, पण गुरुबसप्पा उठले, गोठ्यात गेले आणि मोटेची नुसती सोंड कापून घेऊन आले. मोटेचं पाणी विहिरीकाठच्या थारोळ्यात ओतणारी ती लांब कातडी नळी.

"एवढीच," ते म्हणाले. "पोटाला हात लावायचा न्हाई."

सरजाबाईनं ती छातीशी धरली. जाता जाता म्हणाली, अप्पा, मोटेचं चाक आणि वढायचा नाडा पडून असंल तर तेवढं चार दिवस लागेल. गुरुबसप्पांनी हात हलवला, न्या म्हणाले.

आता प्रश्न होता तो शंभर फूट खोल गेलेले पाइप वर काढायचा. मेकॅनिकच्या गाडीत त्याची सगळी हत्यारं असतात. इथं भंगारानं भरलेलं सरजाबाईचं परस होतं. राजदूत फटफटीची तुटकी चेन आणि पहारीचा तुकडा, यांचा पाना झाला. चेन पाइपाभोवती वेढायची, पहार अडकवायची आणि जोर द्यायचा, की पाइप फिरलाच पाहिजे. जीपच्या पाट्याच्या दोन तुकड्यांना बोल्ट लावून चिमटा केला, म्हणजे वरचा पाइप सोडवताना खालचा निसटून बोअरात जाणार नाही. पडक्या गोठ्याची तीन आढी बांधून हापशावर घोडी उभी केली, तिच्या शेंड्याला मोटेचं चाक लावलं आणि चाकावरून नाडा सोडला.

ओढायला माणसं लावली तर ती एक इकडे आणि एक तिकडे ओढणार. बैल पाहिजे होते, आणि बैलांना एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे असं चालवणारा माणूस. गावात तसा एकच उरला होता. धोंडप्पा. सत्तरी उलटलेला, गुरुबसप्पांच्या बापाकडं वीस वर्षं मोट हाकलेला, आणि गेली पंधरा वर्षं मारुतीच्या पारावर बसून उठणारा. सरजाबाई बोलवायला गेली तेव्हा त्यानं पटका शोधायला अर्धा तास लावला. पण एकदा बैलांच्या मागं उभा राहिला तो तिशीतला झाला. बैलांनी कधी मोट पाहिली नव्हती, तरी त्याच्या जिभेच्या टकटकीवर त्यांना उमगलं. एक पाइप वर आला. नरसिंगनं चिमटा आवळला. चेन वेढली, पहार फिरली, पाइप सुटला. पुन्हा टकटक. शाळा सुटली ती पोरं तिथंच बसली आणि मास्तरांनीही कुणाला हाकललं नाही.

दहावा पाइप आला आणि त्याच्या टोकाला नळी. आतले वायसर जुन्या चपलेच्या टाचेसारखे झिजले होते.

सरजाबाईनं जुन्या वायसराच्या मापानं सोंडेचे गोल काढले. करडीच्या तेलात भिजवून ते नळीच्या तोंडातच दंतमंजनाच्या डब्यानं दाबून बसवले, म्हणजे वाटीसारखा आकार धरावा. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा खाली सोडलं. दांडा पंधरा वेळा हलका हलला, सोळाव्याला जड झाला, आणि विसाव्याला पाणी आलं. आधी गढूळ, मग निवळ. ओळीत पहिली घागर कुणाची यावर वाद झाला नाही. बायांनी आपणहून पार्वतम्माला पुढे केलं आणि पार्वतम्मानं सरजाबाईला.

तिसऱ्या दिवशी पाणी बंद पडलं.

सोंडेचं कातडं मऊ आणि पातळ. ते शंभर फुटांचं ओझं झेलू शकलं नव्हतं. नरसिंगनं न काढताच ओळखलं. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण पारावर बोलले. भंगारवालीच्या नादी लागलं की असंच व्हायचं. कुणी म्हणालं, आता मेकॅनिक आला तर तुम्हीच बिघडवला म्हणेल. सरजाबाईनं ते ऐकलं. त्या दिवशी ती झऱ्यावर गेली तेव्हा वाटेत काहीच उचललं नाही. नरसिंगला तेच जास्त लागलं. त्यानं स्वतःच सडकेवरची एक पत्र्याची पट्टी उचलून तिच्यापुढं ठेवली. ती हसली नाही, पण पट्टी घेऊन तिनं परसात ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी गुरुबसप्पा वस्तीत आले. ते वस्तीत येत नसत असं नाही, पण येत ते मजूर सांगायला, आणि कडेला उभे राहून. आज ते खांद्यावर मोट घेऊन आले. जाड, काळी, कडक झालेली, उंदरांनी कड कुरतडलेली. ती त्यांनी सरजाबाईच्या अंगणात टाकली आणि स्वतः दगडावर बसले. घाम पुसला. मोटेवरची धूळ हातानं झाडत बोलले.

"दोन दिवस पानी आलं तवा हिनं गुडघ्याला तेल लावलं न्हाई. झऱ्याला जावं लागलं न्हाई ना. सोंड दिली, पोट ठेवलं. माजंच चुकलं." मग मोटेकडे बघत म्हणाले, "कुठून कापायची, सांग. मीच कापतो. बाबाच्या वस्तूला दुसऱ्याचा विळा नको."

सरजाबाईनं पाणी दिलं. झऱ्याचंच, अर्धा तांब्या. गुरुबसप्पांनी तांब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि प्याले. ते नरसिंगनं पाहिलं, समोरच्या दारातल्या बायांनीही पाहिलं.

पोटाचं कातडं कापताना गुरुबसप्पांची मनगटं दुखली, पण त्यांनी विळा सोडला नाही. एका मोटेत चाळीस वायसर बसतात हे त्या दिवशी कळलं. या वेळी सरजाबाईनं घाई केली नाही. गोल दोन दिवस तेलात ठेवले, एक दिवस सावलीत वाळवले, मग पुन्हा तेलात. धोंडप्पा रोज येऊन विचारून जायचा, बैल कधी जुंपायचे. जुंपले तेव्हा त्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं.

हापसा लागला. दहा दिवस झाले, वीस झाले. पाणी येत राहिलं.

महिन्यानं जीप आली. मेकॅनिक उतरला, चालता हापसा पाहून गोंधळला, मग दांडा मारून पाहिला. चिडायचं की हसायचं, ते त्यालाच ठरवता येईना. सरजाबाईनं एक वायसर त्याच्या हातात दिला. त्यानं तो दाबला, वाकवला, वास घेतला.

"मावशी, माझ्या गाडीत पाने आहेत, क्लॅम्प आहेत, वायसर नाहीत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "नवीन गोदामात अजून माल आला नाही. पुढच्या चार गावांचे हापसे बंद पडलेत. मी नुसता बघून परत जातो आहे."

सरजाबाईनं गुरुबसप्पांकडे पाहिलं. मोट त्यांची होती. त्यांनी मान डोलावली. मग तिनं तेलाच्या डब्यात मुरलेले बारा वायसर मोजून त्याच्या रुमालात बांधले आणि ते नळीत कसे दाबून बसवायचे ते दोनदा सांगितलं. मेकॅनिक म्हणाला, सांगून मला जमणार नाही, तुम्हीच चला.

अशी सरजाबाई जन्मात पहिल्यांदा जीपमध्ये बसली. शेजारी नरसिंग बसला. धोंडप्पा मागं बसायला निघाला तेव्हा त्याला सांगितलं, जीपला कप्पी आहे, बैलांचं काम नाही. त्यानं ऐकलं नाही. कप्पी बिघडली तर, असं म्हणून तो पटका सावरत चढला.

पहिल्या गावात बायांनी सरजाबाईला घेरलं. बाई मेकॅनिक कुणी पाहिली नव्हती. पाणी आलं तेव्हा त्यांनी तिला भाकरी आणि करडीची भाजी वाढली, शेजारी नरसिंगला आणि पलीकडे मेकॅनिकला, एकाच ओळीत. दुसऱ्या गावात हापशाची नळीच चिरलेली निघाली, तिथं काही जमलं नाही. मेकॅनिकनं नवी आणायचं कबूल केलं. तिसऱ्या गावात पाणी लागायला दिवस मावळतीला आला, म्हणून चौथं गाव उद्यावर टाकलं. कप्पी कुठंच बिघडली नाही. परतीच्या वाटेवर धोंडप्पा बसल्या जागी झोपला होता आणि खड्डा आला की झोपेतच जिभेनं टकटक करत होता.

मेकॅनिकनं मागं वळून विचारलं, "आजोबांना काय होतंय?"

"काही न्हाई," सरजाबाई म्हणाली. "तुमची जीप चालवून राहिलेत."