काष्ठाधार, कर्तनपीठ आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. दाणावैरण मागत नाही, लाथ मारत नाही. एक आडवा वासा आणि त्याला फाकवून ठोकलेले चार पाय, एवढाच माझा देह. सुतार माझ्या आणि माझ्या जुळ्या बहिणीच्या पाठीवर फळी टाकतो आणि करवत चालवतो. एकटीचा उपयोग काही नाही. दोघी असलो तर आख्खा दरवाजा पेलतो.

१९४६ साली ठाण्याजवळच्या बाळकुम गावात नाथा सुताराने आम्हाला घडवलं. खाडीत मोडीत निघालेल्या एका पडावाचं, म्हणजे मोठ्या होडीचं, सागवान पाठीला, बाभळीचे पाय. नाथा मिठागरांत पाणी अडवायची लाकडी दारं करायचा. त्याची करवत फळी कापून खाली आली की माझ्या पाठीला टेकायच्या आत थांबायची. चुकून टेकलीच तर खाच पडते, आणि ती बुजत नाही. माणसं वह्या ठेवतात. माझी वही म्हणजे माझी पाठ. आठ वर्षांत नाथाच्या नावावर अकरा खाचा. त्यांतल्या चार तो तापाने फणफणला होता त्या आठवड्यातल्या, म्हणून मी त्या धरत नाही.

पण खाऱ्या पाण्यात उभं राहून त्याच्या तळपायांना भेगा पडल्या होत्या. रक्त यायचं. अशात ठाण्यातल्या टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेला सुतारकामाचा मास्तर हवा असल्याची बातमी त्याच्या बायकोने, तुळसाने, आणली.

"जावा," ती म्हणाली. "सावलीत तरी बसाल. आणखी एक साल त्या खारात काढलं तर तुमचे पाय मना डोक्यावर घेऊन फिरावं लागंल."

उमेदवारांनी आपापली हत्यारं आणायची होती. नाथाने आम्हा दोघींना खांद्यावर घेतलं.

परीक्षेत त्याने दीड तासात स्टूल जोडलं. सांध्यात नख शिरत नव्हतं. शाळेचे अध्यक्ष केळुसकर वकील आणि हेडमास्तर खांबेटे यांनी त्या स्टुलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वकिलांनी छत्रीचं टोक माझ्यावर रोखलं.

"याला काय म्हणतात?"

"घोडी, सायेब."

"शाळेत घोडी? मुलांना काय शिकवणार, खरारा करायला?"

"माझा बापूस बी घोडीच बोलायचा, सायेब. चुकलं काय?"

"शास्त्रशुद्ध नाव सांग. काष्ठाधार!" हा शब्द वकिलांनी त्याच सकाळी दाढी करताना घडवला होता, गालावरचा साबण अजून पुरता गेला नव्हता.

"क्षमा करा. कर्तनपीठ," हेडमास्तर म्हणाले. "आधार कशाचाही असतो. कापणं हे हिचं कार्य."

"मग तुमच्या न्हाव्याची खुर्चीसुद्धा कर्तनपीठच की!"

दोघांची अशी जुंपली, की मधे उभा असलेला माणूस आणि त्याचं स्टूल दोघांच्याही डोक्यातून गेलं. शेवटी नाथाला सांगण्यात आलं, "निकाल कळवू. सामान इथेच राहू दे."

पुढचा उमेदवार कल्याणचा महिपत, खिशात सर्टिफिकेट, आणि दाराबाहेर उभं राहून सगळं भांडण ऐकलेलं. त्याने वकिलांना 'काष्ठाधार' सांगितलं, आणि ते पाणी प्यायला उठले तेवढ्यात हेडमास्तरांना 'कर्तनपीठ'. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. नोकरी त्यालाच मिळाली. नाथाला कुणी कळवलंही नाही.

मित्रांनो, फळी कापायची की मला, हे महिपतचं शेवटपर्यंत ठरलं नाही. तीन आठवड्यांत माझ्या पाठीवर त्रेचाळीस खाचा, बहिणीच्या सव्वीस. तरी अध्यक्ष खूश, हेडमास्तर खूश. नावं बिनचूक होती ना!

चौथ्या आठवड्यात नाथा सुतारकामाच्या वर्गात आला. "नोकरी नाय तर नाय. माझ्या घोड्या द्या."

"घोड्या?" महिपत हसला. "असलं काही नाही इथे. काष्ठाधार आहेत, ते शाळेचे."

वकीलही तिथेच होते. "नोंदवहीत चढलेत ते. हात लावलास तर चोरी होईल. पोलीस बोलावू?"

नाथाने हात लावलाच. त्याचं बोट माझ्या पाठीवरून खाचाखाचांत अडकत गेलं. "ह्या कोनी केल्या?" महिपत पेन्सिलीला टोक करू लागला. "वही दाखवा," नाथा म्हणाला.

नोंदवही कारकून सुमतीबाईंकडे असायची. वकील सांगत काष्ठाधार लिहा, हेडमास्तर सांगत खोडा, कर्तनपीठ लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वकील. लिहून आणि खोडून त्या जागी कागद झिजला आणि त्याला खिडकी पडली. खिडकीतून पुढच्या पानावरचा शब्द डोकावत होता.

सुमतीबाईंनी वही आणून उघडली, चष्मा पुसला आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात वाचलं, "केरसुणी. नग दोन."

"वाचता येतं का तुम्हाला?" वकील ओरडले.

"दिसतं ते वाचते, साहेब. केरसुण्या त्या कोपऱ्यात आहेत. मोजून घ्या."

नाथाने आम्हाला खांद्यावर उचललं. दारात वळून म्हणाला, "आता बोलवा पोलिसाला. सुतारानं दोन केरसुण्या नेल्या बोला."

तुळसा ओट्यावरच बसली होती. तिने आम्हाला पाहिलं आणि काय ते समजली. माझी पाठ चाचपून म्हणाली, "मेल्यांनी काय दशा केली! रंधा मारा, खाचा साफ होतील."

"नको. राहू दे तशाच," नाथा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खाऱ्या पाण्यात उतरला.

तर मित्रांनो, आता माझा एक पाय कुजत आलाय. मला बहिणीपासून तोडून चुलीत घालू नका, आणि माझं बारसंही करत बसू नका. नाव हवं असेल तर ज्याचा हात रोज माझ्या पाठीवर असतो त्याला विचारा. आणि कधी करवत हाती घेतलीत, तर फळी कुठे संपते तेवढं बघा. खाली कुणाची तरी पाठ असते.